पंचांना दिसलं नाही, पण आपल्याला लागलं होतं

मॅडम, उत्तर लांब होणार आहे, म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही दोन वर्षांपूर्वी तालुक्याच्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक म्हणून रुजू झालात. यंदा झोनलच्या कबड्डी फायनलमध्ये शेवटच्या मिनिटाला समोरच्या चढाईपटूची बोटं तुमच्या डाव्या कोपऱ्याला, म्हणजे बचावात डाव्या टोकाला उभ्या असलेल्या पोराला, लागली. बाकावरून तुम्हाला ते स्वच्छ दिसलं. पंचांना दिसलं नाही. पोराने मान हलवून ‘नाही’ म्हटलं आणि तुम्ही एका गुणाने जिंकलात. प्राचार्यांनी पेढे वाटले, पण समोरच्या कॉलेजच्या सरांनी तुमच्याशी हात मिळवला नाही. आता तुम्ही विचारताय की खिलाडूवृत्ती म्हणजे नेमकं काय, ती शिकवता येते का, आणि शिकवली तर आपण कायम हरत राहणार का.

मी ३१ वर्षं हेच काम केलं, त्यातली बरीचशी कबड्डीच्या मैदानावर, निम्मा वेळ संघाबरोबर आणि निम्मा वेळ शिट्टी घेऊन. त्या अनुभवावरून लिहितो.

आपल्या अभ्यासक्रमातली व्याख्या तुम्हाला पाठ असेल: नियम पाळणं, पंचांचा निर्णय मानणं, जय-पराजय समभावाने स्वीकारणं. आता ही व्याख्या तुमच्या फायनलला लावून बघा. पोराने कुठलाही नियम मोडला नाही, कारण झालेला स्पर्श स्वतःहून कबूल केलाच पाहिजे असं त्याच्यावर कोणी बंधन घातलेलं नाही. पंचांचा निर्णय त्याने मानला. जिंकल्यावर तो उड्या मारत कोणाच्या अंगावर गेला नाही. म्हणजे तिन्ही अटींवर तो उत्तीर्ण आहे. तरीही तुम्हाला रात्री झोप लागली नाही आणि तुम्ही हा प्रश्न लिहिलात. व्याख्येतून जे निसटलं, तेच तुम्हाला टोचतं आहे.

माझ्या मते खिलाडूवृत्तीचा गाभा एवढाच आहे की समोरच्याने कमावलेला गुण त्याच्या पदरात टाकायचा, तो आपल्याखेरीज कोणाला माहीत नसला तरीही. कबड्डीइतकं हे दुसऱ्या कुठल्या खेळात उघडं पडत नाही. क्रिकेटमध्ये चेंडूचा आवाज येतो, व्हॉलीबॉलमध्ये चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर हे चौघांना दिसतं. कबड्डीत सात जणांच्या गर्दीत बोटाचं टोक कोणाच्या तरी नडगीला लागतं आणि ते फक्त दोघांना कळतं, लावणाऱ्याला आणि लागलेल्याला. आपण मातीवर खेळायचो तेव्हा फक्कीच्या रेषेवर पाय पडला तर निदान फक्की पुसलेली दिसायची. स्पर्शाची तशी खूण कुठेच उमटत नाही. सरपंच, दोन पंच, रेषापंच सगळे हजर असूनही खेळाचा मोठा भाग खेळाडूच्या खरेपणावर चालतो. म्हणूनच जुने खेळाडू लागलं की हात वर करून स्वतःच बाहेर जायचे. त्याला ते उपकार समजत नसत.

हे शहाणपण आपल्याकडे बाहेरून आलेलं नाही. गल्लीत खेळणारी पोरंसुद्धा ‘रडीचा डाव खडी’ म्हणतात. आऊट झालेला कबूल करत नसेल तर डाव मोडतो, हे त्यांना सहा-सात वर्षांच्या वयात कळलेलं असतं. ‘टाइम प्लीज’ म्हटल्यावर पकडायचं नाही, हेही कळतं. लहान भावंडाला ‘कच्चं लिंबू’ म्हणून खेळात घ्यायचं आणि त्याला बाद धरायचं नाही, हेही त्यांनीच ठरवलेलं असतं. पंच नसतो, ट्रॉफी नसते, आणि डाव तरी चालतो. तीच पोरं १८ वर्षांची होऊन आपल्याकडे येतात तेव्हा ‘पंचांनी दिलं नाही ना, मग गप्प बस’ इथपर्यंत पोहोचलेली असतात. अधल्यामधल्या वर्षांत कोणीतरी त्यांना हे शिकवलेलं असतं. बहुतेक वेळा ते आपणच, म्हणजे क्रीडाशिक्षक.

माझी गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय तुम्हाला उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. नोकरीचं पाचवं-सहावं वर्ष. आंतरविभागीय स्पर्धेची उपांत्य लढत, आमच्याकडे दोन गुणांची आघाडी, शेवटची तीन मिनिटं. त्यांचा चढाईपटू आत आला, उजव्या कोपऱ्याच्या पोटरीला हात लावून मध्यरेषेवर परतला आणि हात वर करून उभा राहिला. पंचांना खात्री नव्हती. आमचा कोपरा, दुसऱ्या वर्षाला शिकणारा, पंचांकडे न बघता माझ्याकडे बघू लागला. त्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं. मी मान खाली घातली आणि हातातल्या वहीत काहीतरी लिहितोय असं दाखवलं. पोराने पंचांना सांगितलं, नाही लागलं. आम्ही जिंकलो, पुढे फायनलही जिंकलो. एस.टी.तून परतताना सगळी पोरं गाणी म्हणत होती. तो खिडकीशी बसून होता, डबासुद्धा उघडला नाही. दुसऱ्या दिवशी जिमखान्यात सामान मोजायला आला आणि मॅट गुंडाळता गुंडाळता हळूच म्हणाला, “सर, तुम्ही खाली का बघितलं?”

मला उत्तर देता आलं नाही. त्याने आरोप केला नव्हता. त्याने खरोखरच विचारलं होतं. हात वर करायला त्याला माझी एक मान हलण्याची गरज होती आणि मी ती दिली नाही. त्या दिवसानंतर मला पटलं की खिलाडूवृत्तीवर वर्षाच्या सुरुवातीला दिलेलं भाषण, भिंतीवर लावलेले सुविचार आणि मैदानाच्या उद्घाटनाला घेतलेली शपथ यांतलं काहीही त्या दोन सेकंदांत उपयोगी पडत नाही. मुलगा बाकाकडे बघतो आणि बाकावर त्याला काय दिसतं, तेवढंच उरतं.

हे नुसतं माझं मत नाही. अमेरिकेत आयडाहो विद्यापीठातल्या शॅरन स्टोल आणि जेनिफर बेलर यांनी एक प्रश्नावली वापरून हजारो विद्यार्थ्यांच्या नैतिक विचारक्षमतेची मोजणी केली. खेळाडू विद्यार्थी त्यात न खेळणाऱ्यांपेक्षा मागे पडले, आणि सांघिक खेळातले खेळाडू वैयक्तिक खेळातल्यांपेक्षाही मागे. स्पर्धात्मक खेळात जास्त वर्षं घालवल्यावर गुण सुधारण्याऐवजी घसरताना दिसले. ‘खेळाने चारित्र्य घडतं’ हे वाक्य आपण प्रत्येक वार्षिक अहवालात घालतो. खेळ आपोआप काहीच घडवत नाही. ज्या वातावरणात तो खेळला जातो, ते वातावरण मुलाला घडवतं. डेव्हिड शील्ड्स आणि ब्रेंडा ब्रेडेमायर या संशोधकांनी याचं एक कारण दाखवलं: मैदानात उतरताना माणूस रोजची नीती बाहेर ठेवून जातो, ‘खेळात असं चालतंच’ म्हणतो आणि तेवढ्या वेळापुरता स्वतःला मोकळं करून घेतो. तुमच्या डाव्या कोपऱ्याला विचारलंत की दुकानदाराने चुकून शंभर रुपये जास्त परत दिले तर काय करशील, तर तो लगेच म्हणेल की परत करीन. खोटं बोलत नसेल तो. मैदानावरचा गुण मात्र त्याला शंभर रुपयांसारखा दिसत नाही.

आता तुमच्या पुढच्या शंकेकडे येतो. तुम्ही विचारलंय की मग हुलकावणी देणं, शेवटच्या मिनिटाला वेळ काढणं हेही चुकीचं का? नाही. इथे नव्या शिक्षकांचा गोंधळ होतो आणि ते मुलांना मऊ करून टाकतात. हुलकावणी हा कबड्डीचा जीव आहे. उजवीकडे बघून डावीकडे पाय टाकणं यात समोरच्याला फसवणं आहे, पण ते फसवणं दोघांनी मान्य केलेल्या खेळाच्या आतलं आहे. समोरचाही तेच करणार असतो आणि ओळखण्याची संधी त्याला पूर्ण असते. आघाडीवर असताना चढाईचे तीस सेकंद पुरते वापरून रिकाम्या हाती परतणंही मला गैर वाटत नाही. ते आवडलं नाही म्हणूनच ‘करो या मरो’ चढाईचा (लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यायचाच, नाहीतर चढाईपटू बाद) नियम आला, म्हणजे खेळाने स्वतःच उत्तर शोधलं. पकड करताना पूर्ण ताकद लावा, चवडा धरला तर सोडू नका. दया दाखवून सैल पकड करणं हा समोरच्याचा अपमान आहे.

समोरच्याची लय तोडायला खोटं लंगडत मैदानावर पडून राहणं मात्र वेगळं. पकडीत झटापट चालू असताना गडी मध्यरेषेपर्यंत पोहोचणार असं दिसल्यावर त्याचं बोट पिरगाळणं वेगळं. आत आलेल्या चढाईपटूला आईबहिणीवरून, जातीवरून किंवा मुलींच्या सामन्यात अंगावरून बोलून बिथरवणं वेगळं. तिथे समोरच्याला खेळून उत्तर द्यायला जागाच राहत नाही. मुलांना हा फरक समजावताना मी एकच प्रश्न विचारायचो: तू जे केलंस ते सामना संपल्यावर त्याच्या शेजारी बसून चहा पिताना त्याला सांगू शकशील का? हुलकावणी कशी दिली ते सगळे रंगवून सांगतात, आणि समोरचाही हसून ऐकतो. बोट पिरगाळल्याचं कोणी सांगत नाही.

कॉलेजच्या खेळातलं एक उदाहरण मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगायचो. २६ एप्रिल २००८, अमेरिकेतलं वॉशिंग्टन राज्य, मुलींचा सॉफ्टबॉल सामना. वेस्टर्न ओरेगन विद्यापीठाच्या सारा टुकोल्स्कीने चेंडू कुंपणापार मारला, तिच्या आयुष्यातला पहिलाच होमरन. पण चारही तळांना पाय लावत फेरी पूर्ण केली तरच तो धरला जातो. धावताना पहिला तळ शिवायचा राहिला म्हणून ती मागे वळली आणि तिच्या गुडघ्यातला अस्थिबंध तुटला. ती तिथेच कोसळली. तिच्या संघातल्या कोणी तिला हात लावला तर ती बाद, आणि तिच्या जागी दुसरी धावली तर होमरन रद्द, असं पंचांनी सांगितलं. तेव्हा सेंट्रल वॉशिंग्टनची, म्हणजे समोरच्या संघाची मॅलरी होल्टमन पुढे आली आणि पंचांना तिने विचारलं, आम्ही उचलून नेलं तर चालेल का? नियमात तशी मनाई नव्हती. मॅलरी आणि तिची सहकारी लिझ वॉलेस यांनी साराला दोघींच्या हातांवर उचललं, प्रत्येक तळापाशी थांबून तिचा पाय तळाला टेकवला आणि घरच्या तळापर्यंत आणलं. सेंट्रल वॉशिंग्टन तो सामना २–४ असा हरलं. मॅलरी त्यांच्या विभागातली सर्वाधिक होमरन मारणारी खेळाडू होती आणि तिचं ते कॉलेजमधलं शेवटचं वर्ष होतं.

मुलं ऐकताना भारावतात, पण मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त मोलाची वाटते. मॅलरीने आधी नियम विचारला. नियम तिला ठाऊक करून घ्यायचा होता आणि त्याच्या आत राहून समोरचीला तिचं कमावलेलं द्यायचं होतं. पंचांनी त्या दिवशी सांगितलेला नियमाचा अर्थच चुकला होता, बदली धावपटू चालली असती, हे नंतर उघड झालं. म्हणून मी माझ्या मुलांकडून नियमपुस्तिका पाठ करून घ्यायचो. ज्याला नियम नीट माहीत नाही, तो प्रामाणिक राहायचं म्हटलं तरी राहू शकत नाही. आपल्याकडे तर भांडणांचा अर्धा भाग नियम न माहीत असण्यातून येतो. बोनस कधी मिळतो, झटापट सुरू झाल्यावर राखीव क्षेत्र कधी खुलं होतं, हे कर्णधाराला सांगता येत नाही आणि तो सरपंचांच्या अंगावर धावून जातो.

तुमचा तिसरा प्रश्न, हरत राहू का? मुलांना कधीही सांगू नका की खरं बोललं की शेवटी आपणच जिंकतो. तसं होत नाही आणि पहिल्याच सामन्यात मुलांना ते कळतं. १९८० साली मुंबईत वानखेडेवर झालेल्या कसोटीत गुंडप्पा विश्वनाथ कर्णधार होते. पंचांनी इंग्लंडच्या बॉब टेलरला झेलबाद दिलं. चेंडू बॅटला लागलाच नव्हता असं वाटून विश्वनाथांनी त्याला परत बोलावलं. टेलरने बोथमबरोबर १७१ धावांची भागीदारी केली आणि इंग्लंडने तो सामना १० गडी राखून जिंकला. त्या निर्णयाची किंमत मोजावी लागली आणि ती मोठी होती. मुलांपुढे हे असंच ठेवा, हिशेब न लपवता. १९–२० वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाने खरं सांगितलेलं कळतं आणि आवडतंही.

मात्र एक वेगळा हिशेब माझ्या पाहण्यात आहे. ज्या संघात लागलं की हात वर होतो, त्या संघाचं पंच ऐकतात. आमच्या कर्णधाराने दहा वेळा स्वतःचे गडी बाहेर काढले होते. अकराव्या वेळी तो ‘सर, लागलेलं नाही’ म्हणाला तेव्हा सरपंचांनी दोन्ही पंचांना जवळ बोलावून पुन्हा विचारलं. त्याने निर्णय नेहमी आमच्या बाजूने गेला असं नाही. पण संघातली आपापसातली कुजबुज थांबली. ‘तुला लागलं होतं, तू बोलला नाहीस, म्हणून पुढे लोण बसला, सगळा संघ बाद झाला’ असली धुसफूस पूर्वी प्रत्येक पराभवानंतर आठवडाभर चालायची.

प्रशिक्षकाच्या जबाबदारीबद्दल आणखी एक प्रसंग सांगायला हवा. डिसेंबर २०१२ मध्ये स्पेनमधल्या बुर्लादा इथे क्रॉसकंट्री शर्यत होती. सर्वांत पुढे असलेला केनियाचा आबेल मुताई अंतिम रेषा आली असं समजून थोडा आधीच थांबला. मागून येणारा स्पॅनिश इवान फर्नांडेझ अनाया त्याला सहज मागे टाकू शकत होता. त्याने तसं केलं नाही, मागे राहून हाताच्या खुणांनी त्याला पुढे जायला सांगितलं आणि स्वतः दुसरा आला. इवानचे प्रशिक्षक मार्टिन फिझ स्वतः मॅरेथॉनचे जगज्जेते. त्यांनी नंतर सरळ सांगितलं की मी असतो तर फायदा घेतला असता. त्यांचा स्पष्टपणा मला आवडतो, पण वाचताना प्रत्येक वेळी वाईटही वाटतं. तो मुलगा बाकाकडून काही मिळेल याची वाट न बघता बरोबर वागला. आपली बहुतेक मुलं तशी नसतात. त्यांना आपली गरज असते.

आता मैदानाबाहेरचं, जिथे आपली खरी परीक्षा होते. बोनाफाईडवर सही करताना, एलिजिबिलिटी फॉर्म भरताना मुलं टेबलाच्या पलीकडे उभी असतात. वर्गात एक दिवसही न बसलेला, फक्त खेळण्यापुरता प्रवेश घेतलेला बाहेरचा गडी आपण संघात घेतो आणि दोन वर्षं घाम गाळलेल्या आपल्या मुलाला राखीव बसवतो, तेव्हा त्या दोघांनाही आणि उरलेल्या दहांनाही धडा मिळतो. मी हे केलेलं नाही असं म्हणणार नाही. सुरुवातीच्या वर्षांत संस्थेकडून नाव यायचं आणि मी सही करायचो. नंतर मी प्राचार्यांना लेखी दिलं की संघनिवड चाचणीतूनच होईल आणि चाचणीची गुणपत्रिका जिमखान्याच्या फलकावर लागेल. फलकावर कागद लागला की शिफारशीचे फोन निम्म्याने कमी होतात.

मुलांवरचा दबावही समजून घ्या. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पदकाच्या प्रमाणपत्रावर एखाद्या कोरडवाहू घरातल्या मुलाची पोलीस भरती अवलंबून असू शकते. त्याच आरक्षणासाठी बोगस क्रीडा प्रमाणपत्रं विकली गेल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. तेव्हा त्या पोराला ‘गुण काय, येतो-जातो’ असं म्हणू नका. त्याच्यासाठी तो गुण फार मोठा आहे, हे आधी मान्य करा. मगच त्याला सांगता येतं की समोरचा चढाईपटूही तशाच घरातून आलाय आणि गुण त्याने कमावला होता.

उत्तेजक औषधांचं थोडक्यात सांगतो, कारण कॉलेजच्या मुलांपर्यंत ते पोहोचलं आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य अॅथलेटिक्स स्पर्धेत ‘नाडा’चे, म्हणजे उत्तेजकांविरुद्धच्या राष्ट्रीय संस्थेचे, अधिकारी तपासणीला आल्याचं कळताच बरेच खेळाडू निघून गेले आणि पुरुषांच्या १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच जण धावला. तुमच्या गावातल्या जिममध्ये मुलांना काय पावडरी दिल्या जातात, याची चौकशी तुम्ही स्वतः जाऊन करा. मुलं आपणहून सांगत नाहीत.

एका गोष्टीकडे आपल्याकडे कोणीच बघत नाही, ती म्हणजे यजमानपण. स्पर्धा आपल्याकडे असते तेव्हा खिलाडूवृत्ती आपल्या हातात सर्वांत जास्त असते. बाहेरून आलेल्या मुलींच्या संघाला कपडे बदलायला कडी लागणारी खोली आणि स्वच्छ स्वच्छतागृह आहे का? पिण्याचं पाणी त्यांच्या बाकाजवळ आहे की आपल्याच? उपांत्य सामना आत्ता संपवून आलेल्या संघाला विश्रांती न देता आपल्या ताज्या संघासमोर उभं करतो का? हे शेवटचं मी खूप ठिकाणी पाहिलं आहे. वेळापत्रक नावाच्या कागदाखाली ते खपून जातं. खाशाबा जाधवांबद्दल नेहमी सांगितलं जातं की १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये जपानच्या शोहाची इशीबरोबरची लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामदबेयोवसमोर बोलावलं गेलं. मधल्या विश्रांतीचा नियम होता, पण तो मागायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता. थकलेल्या खाशाबांना कांस्यपदकावर समाधान मानावं लागलं आणि इशी सुवर्ण घेऊन गेला. याच खाशाबांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले होते. आपल्या मैदानावर समोरच्या संघासाठी विश्रांतीचा नियम मागणारं कोणी नसेल तर तो यजमानाने स्वतः मागावा. माझ्याकडच्या स्पर्धांत मी पाहुण्या संघाच्या प्रशिक्षकाला विचारल्याशिवाय पुढचा सामना लावत नसे.

प्रेक्षकांचंही यजमानालाच बघावं लागतं. आपल्याच कॉलेजची मुलं रेषेला चिकटून शिव्या देत असतील तर पंचांनी काही करण्याआधी आपण माईक घ्यावा. मी दोनदा सामना थांबवायला लावला होता, एकदा आमचा संघ जिंकत असताना. कोणा विद्यार्थी नेत्याने मला गेटवर अडवलं होतं. पण हलगी वाजवा, घोषणा द्या, माणसावर बोलायचं नाही, हे एकदा ठरलं की पोरं पाळतात. गावच्या जत्रेतल्या कुस्त्यांच्या मैदानात हजारो माणसं बसतात आणि हरलेल्या मल्लालाही टाळ्या देतात. आपल्या कॉलेजच्या तीनशे मुलांना ते जमणार नाही असं मला वाटत नाही.

आता तुम्ही काय करायचं. निकाल लागला, हरकतीची मुदत गेली, ट्रॉफी परत करून नवा तमाशा करू नका. आधी त्या डाव्या कोपऱ्याला एकट्याला बोलवा, संघासमोर नको. त्याला शिक्षा करू नका, संघातून काढू नका, कारण हात वर करायचा असतो हे तुम्ही त्याला यापूर्वी कधी सांगितलं नव्हतं. ‘मला दिसलं होतं आणि मी बोलले नाही’ हे वाक्य आधी तुम्ही बोला. त्यानंतर तो काय म्हणतो ते ऐका. माझ्या अनुभवात मुलं या वाक्यानंतर रडतात किंवा एकदम मोकळी बोलू लागतात. मग समोरच्या कॉलेजच्या सरांना फोन करा. स्पष्टीकरणं देऊ नका. लागलं होतं, आम्हाला दिसलं होतं, एवढं सांगा आणि त्यांच्या मैदानावर एक मैत्रीचा सामना मागा. कदाचित ते फोन ठेवतील. आठ दिवसांनी पुन्हा करा.

प्राचार्यांचं थोडं अवघड आहे. त्यांना ट्रॉफी दिसते, कारण वार्षिक अहवालात ट्रॉफीचाच रकाना असतो. तुम्ही वार्षिक पारितोषिक वितरणात एक नवं बक्षीस मागा, सामन्यात स्वतःहून बाद झालेल्या खेळाडूसाठी, आणि त्याची नोंद गुणलेखकाच्या तक्त्यावरून ठेवा. मी अल्टिमेट फ्रिस्बीकडूनही, म्हणजे तबकडी फेकून खेळायच्या सांघिक खेळाकडूनही, एक गोष्ट घेतली होती. त्या खेळात पंच नसतो, फाऊल खेळाडूच सांगतात आणि सामन्यानंतर प्रत्येक संघ समोरच्या संघाच्या वागण्याला गुण देतो. आंतरवर्गीय स्पर्धेत मी हे सुरू केलं. पहिल्या वर्षी सगळ्यांनी एकमेकांना शून्य दिलं. तिसऱ्या वर्षी वाणिज्यच्या संघाने ज्यांच्याकडून हरले त्या कला शाखेला पूर्ण गुण दिले, आणि कोणी सांगितलं नसताना खाली लिहिलं होतं: ‘यांनी चार वेळा स्वतः सांगितलं.’

आणि आठवड्यातून एक दिवस सराव बिनपंचाचा ठेवा. आमच्याकडे गुरुवार होता. मी मैदानावर असायचो, पण शिट्टी कपाटात. लागलं की ज्याचं त्याने सांगायचं, वाद झाला तर ती चढाई रद्द करून पुन्हा. पहिल्या गुरुवारी अर्ध्या तासात दोन भांडणं होतील, एखादा पोरगा सराव सोडून घरी जाईल, आणि सगळे तुमच्याकडे बघत राहतील की मॅडम, तुम्हीच सांगा. सांगू नका. दिसलं असेल तरी सांगू नका, फक्त नजर खाली घालू नका. पाचव्या-सहाव्या आठवड्यात कधीतरी, तुम्ही दुसऱ्याच कोणाशी बोलत असताना, मागून आवाज येईल, “थांब रे, लागलं मला,” आणि एक गडी आपणहून रेषेबाहेर जाऊन बसलेला दिसेल. बहुतेक तो तुमचा डावा कोपराच असेल.